दोन डायलिसिसच्या मधले दिवस: घरी रुग्णाची देखभाल कशी करायची

आठवड्यातून तीनदा, दर वेळी ४ तास, असं डायलिसिस असेल तर मशीनच्या वाट्याला आठवड्यातले १२ तास येतात. उरलेले १५६ तास रुग्ण घरच्यांच्या हवाली असतो. डायलिसिस युनिटमध्ये धापा टाकत किंवा बंद पडलेला फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातात केलेली रक्ताची वाट) घेऊन येणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा हयगय झालेली नसते. काळजीच जास्त झालेली असते. अशक्तपणा आला म्हणून शहाळं, ऊन आहे म्हणून ताक, आणि तरीही तरतरी येईना म्हणून गावातल्या दवाखान्यात एक सलाईन. इतर आजारांत जे प्रेमाने करतात, तेच इथे नडतं.

खालचे टप्पे हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर असलेल्या प्रौढ रुग्णाच्या घरच्यांसाठी आहेत. किडनी कमजोर आहे पण डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही, अशांनी पाण्याचे आणि प्रोटीनचे नियम इथून उचलू नयेत, त्यांचं गणित वेगळं असतं. आणि इथला आकडा आणि तुमच्या किडनीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडा यांत फरक असेल तर डॉक्टरांचाच धरा.

टप्पा १: तयारी, रुग्ण घरी येण्याआधी

डिजिटल वजनकाटा, दंडाला पट्टा लावायचं बीपी मशीन, मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं, थर्मामीटर, निर्जंतुक गॉजची पाकिटं आणि एक वही. मनगटावरचं बीपी मशीन घेऊ नका, या रुग्णांमध्ये त्याचा भरवसा कमी. काटा फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चुकीचं वजन दाखवतो.

मग घरातली भांडी मोजा. चहाचा कप, आमटीची वाटी, फुलपात्र, ताकाचा ग्लास, सगळ्यांत किती मिलिलिटर मावतं ते मापाच्या भांड्याने बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. 'एक कप' हे माप नाही. एका घरात तो ८० मिलिलिटरचा असतो, दुसऱ्या घरात २००चा.

युनिटमधून निघण्यापूर्वी या गोष्टी लिहून घ्या:

- सध्याचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन
- दिवसाला एकूण किती द्रव चालेल
- डायलिसिसच्या दिवशी कोणत्या गोळ्या आधी घ्यायच्या नाहीत
- शेवटच्या तपासणीतलं पोटॅशियम, फॉस्फरस आणि हिमोग्लोबिन
- युनिट बंद असताना कोणाला फोन करायचा

तोंडी ऐकून घेतलेलं दोन दिवसांत विसरतं. कागदावर लिहा आणि कागद फ्रिजवर चिकटवा.

टप्पा २: सकाळचा क्रम

क्रम असा ठेवा: संडास-लघवी, मग वजन, मग पाच मिनिटं बसून बीपी, मग फिस्टुला, आणि त्यानंतर चहा. चहानंतर केलेलं वजन आणि जिना चढून आल्यावर घेतलेलं बीपी वहीत लिहूनही उपयोग नाही. रोज तोच काटा, साधारण तेवढेच कपडे.

वजन आज-उद्यात वाढतं ते पाण्याने. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. चरबी एका रात्रीत चढत नाही. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढ ड्राय वेटच्या साधारण ४ टक्क्यांच्या आत राहावी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला अडीच किलोच्या आत. त्याहून जास्त पाणी घेऊन मशीनवर गेलं की तेवढं ४ तासांत ओढावं लागतं. मग बीपी कोसळतं, पायात गोळे येतात, आणि रुग्ण म्हणतो की डायलिसिस मानवत नाही. मानवत नाही ते पाणी ओढण्याचा वेग.

इथे एक फसगत वारंवार होते, म्हणून जरा थांबते. ड्राय वेट कायमचं नसतं. रुग्णाची भूक गेली, महिनाभर नीट जेवण नाही, दंड-मांड्या बारीक झाल्या, पण डायलिसिसनंतरचं वजन तेच ५८. घरचे म्हणतात, वजन तर टिकून आहे. टिकलेलं नाही. मांस गेलं आणि त्याची जागा पाण्याने घेतली. बीपी हळूहळू वाढत जातं, रात्री उशीला उशी लावावी लागते, आणि वहीतला आकडा मात्र ठीक दिसतो. चेहरा, पोटऱ्या, गळ्याची हाडं यांच्याकडे बघा. उलटंही होतं. भूक सुधारून रुग्ण भरला, तरी जुनंच ड्राय वेट धरून पाणी ओढलं जातं आणि तो मशीनवर गळून जातो. दोन्ही वेळी युनिटला सांगा, 'ड्राय वेट परत बघाल का?' हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

तपासा: नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर पाणी साठतंय. पडून असलेल्या रुग्णाच्या कमरेच्या मागच्या बाजूला बघा, पाणी तिथे उतरतं.

टप्पा ३: फिस्टुला

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट. डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. ती बंद पडली तर मानेत नळी घालावी लागते, आणि नळीबरोबर जंतुसंसर्गाचा धोका येतो.

सकाळी आणि रात्री, दोन बोटांचे शेंडे हलकेच टाक्यांच्या व्रणाजवळ ठेवा. सतत थरथर जाणवली पाहिजे. नाडीसारखे नुसते ठोके लागत असतील आणि थरथर नसेल, तर पुढे अडथळा असू शकतो. थरथर गेली असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला युनिटला फोन करा. 'उद्या डायलिसिस आहेच, तेव्हा दाखवू' असं म्हणणाऱ्यांचे फिस्टुले जातात. गुठळी ताजी असेपर्यंत तो वाचण्याची शक्यता जास्त असते. बीपी फार उतरलं, जुलाब-उलट्या झाल्या किंवा डायलिसिसनंतर चक्कर आली, तर त्या दिवशी एकदा जास्त तपासा. रक्ताचा जोर कमी पडला की फिस्टुला तेव्हाच बंद पडतो.

त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्ताची तपासणी नाही, सलाईन नाही. घट्ट बांगड्या, घड्याळ, पिशवीचा बंद, हात उशाशी घेऊन झोपणं, यांतलं काही नको. दुसऱ्या दवाखान्यात गेलात की हे सांगायची जबाबदारी तुमची. तिथल्या नर्सला फुगलेली ठसठशीत शीर दिसते आणि तिचा हात साहजिकच तिकडे जातो. दुसऱ्या हातातलं रक्तही शक्यतो तळहाताच्या मागच्या शिरेतून घ्यायला सांगा. पुढेमागे दुसरा फिस्टुला करावा लागला तर त्या शिरा शाबूत हव्यात.

सावधान: फिस्टुल्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली, फुगवटा वाढत चालला किंवा खपली मोठी होत गेली, तर तो फुटू शकतो. रक्ताची धार लागली तर घडी केलेला गॉज नेमक्या छिद्रावर बोटाने घट्ट दाबा, हात वर धरा, दाब न सोडता १०८ला फोन करायला दुसऱ्याला सांगा. टॉवेल गुंडाळू नका. टॉवेल रक्त पितो, थांबवत नाही.

टप्पा ४: पाण्याचा हिशेब

आधी २४ तासांची लघवी मोजा. सकाळची पहिली लघवी सोडून द्या, तिथून दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी धरून सगळी एका डब्यात. साधारण नियम असा: जेवढी लघवी, अधिक ५०० मिलिलिटर. लघवी ३०० होत असेल तर दिवसाला ८०० मिलिलिटर द्रव. हे मोजमाप महिन्यातून एकदा परत करा. डायलिसिस सुरू झाल्यावर लघवी कमी होत जाते आणि घरी मात्र सहा महिन्यांपूर्वीचाच कोटा चालू असतो.

द्रवात काय काय येतं, इथे घरोघरी घोळ होतो. पाणी मोजलं जातं, पण चहा, दूध, आमटी, कढी, ताक, सार, सोलकढी, पेज, आंबील, पन्हं, आइस्क्रीम, बर्फ आणि गोळ्यांबरोबरचा घोट मोजला जात नाही. वाटीत ओतल्यावर पसरतं ते सगळं द्रव. पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, रश्शाऐवजी सुकी भाजी, एवढ्यानेही दिवसाला दोनेकशे मिलिलिटर वाचतात.

युनिटमध्ये मी एकच युक्ती सांगते, कारण तीच टिकते. दिवसाच्या कोट्याएवढं पाणी सकाळी एका बाटलीत भरा. चहा १०० मिलिलिटर घेतला की बाटलीतलं १०० ओतून टाका. आमटीची वाटी घेतली, तेवढं ओतून टाका. बाटली रिकामी झाली की कोटा संपला. रुग्णाला समोर दिसतं, कोणाला 'नको पिऊस' म्हणावं लागत नाही, भांडणं कमी होतात.

तहान मात्र बाटलीने भागत नाही. तहानेचं मूळ बहुतेक वेळा मिठात किंवा वाढलेल्या साखरेत असतं. ती आटोक्यात नसताना पाणी बंद करणं म्हणजे रुग्णाचा छळ आहे. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून टाकणं, वेलदोडा चघळणं, किंवा एखादा बर्फाचा खडा चोखणं, पण खडाही मोजून.

टप्पा ५: स्वयंपाक, आधी मीठ, मग पोटॅशियम

लोक पोटॅशियमच्या यादीपासून सुरुवात करतात. मी मिठापासून करायला सांगेन, कारण पाण्याचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, सगळं धरून. पाव, बिस्किटं यांतलं मीठ आपल्या हाती नसतं, म्हणून स्वयंपाकासाठी रोज सकाळी चहाच्या चमच्याने पाऊण चमचा मीठ वेगळ्या डबीत काढा. रुग्णाची भाजी-आमटी अळणी बाजूला काढून त्यात याच डबीतलं मीठ घाला. डबी संपली की त्या दिवशी मीठ नाही. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली सुकी मासळी, सॉस घरात असू द्या, पण रुग्णाच्या ताटात नकोत. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियमच असतं. लिंबू, चिंचेचा थेंब, जिरं, मिरपूड, लसूण, ओवा यांनी चव येते.

सावधान: 'कमी सोडियमचं मीठ' आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं. बीपीच्या रुग्णाला ते कोणी सुचवेल, पण डायलिसिसच्या रुग्णाचं हृदय त्याने थांबू शकतं. सैंधव मीठही मीठच, त्यात वेगळी सवलत नाही.

आता पोटॅशियम. शहाळ्याचं पाणी, केळं, संत्रं-मोसंबी, त्यांचे रस, खजूर, मनुका-जर्दाळू, टोमॅटोचं सार, बटाटा, रताळं, पालेभाज्या यांत ते भरपूर. सफरचंद, पेअर, अननसाची फोड त्या मानाने सोपी. कमरख, ज्याला कोकण-गोव्यात करमळ म्हणतात, ते थोडंसुद्धा नको. त्यातलं विष किडनी चालत नसताना मेंदूवर जातं, उचकी, गोंधळ, फिटपर्यंत.

भाज्यांतलं पोटॅशियम कमी करायचा क्रम:

१. साल काढा, बारीक फोडी करा. अख्खा बटाटा उकडून काही साधत नाही.
२. भरपूर कोमट पाण्यात दोन तास भिजवा. ते पाणी फेका.
३. ताज्या, भरपूर पाण्यात उकळा. तेही फेका.
४. मग फोडणी द्या.

वेळ नसेल तर भिजवणं टाळा, उकळणं टाळू नका. डाळी-कडधान्यं भिजवल्याचं पाणीही फेकायचं. चूक कुठे होते? 'सत्त्व वाया जातं' म्हणून तेच पाणी आमटीत किंवा कणकेत जातं. काढलेलं सगळं पोटॅशियम परत पोटात. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवलं तरी तेच.

उपवासाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र: शेंगदाणे, बटाटा, रताळं, खजूर, राजगिरा, खोबरं. या ताटात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही ठासून भरलेलं असतं. आणि दिवसभर काहीच न खाल्लं तरी शरीर स्वतःच्या पेशी मोडून पोटॅशियम रक्तात सोडतं. करायचाच असेल तर वरीचा भात, आणि तो कसा ते आहारतज्ज्ञांना विचारून. आजींना पटवायला डॉक्टरांपेक्षा घरच्या पुरोहितांचा शब्द जास्त चालतो, हा माझा अनुभव.

प्रोटीनचं उलट आहे. डायलिसिसच्या आधी 'डाळ कमी, अंडं बंद' असं सांगितलेलं असतं आणि मशीन सुरू झाल्यावरही घर तेच पाळत बसतं. डायलिसिसमध्ये प्रोटीनचे घटक वाहून जातात. आता दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम लागतं, ६० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७० ग्रॅम. अंड्याचा पांढरा भाग, ताजी मासळी, चिकन. शाकाहारी असाल तर पनीर आणि भिजवून उकडलेली डाळ मोजून. एका अंड्याच्या पांढऱ्यात साधारण साडेतीन ग्रॅम असतं, म्हणजे एका अंड्याने भागत नाही.

टप्पा ६: औषधं

फॉस्फरसची गोळी, सेव्हेलॅमर असो वा कॅल्शियम ॲसिटेट, जेवताना घ्यायची. ती अन्नातलं फॉस्फरस पोटातच बांधून ठेवते. रिकाम्या पोटी घेतली तर बांधायला काही नसतं, आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये फॉस्फरस जिथल्या तिथे. अंगाची खाज थांबत नाही म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी ही गोळी नेमकी केव्हा घेतली जाते ते बघा.

हिमोग्लोबिनचं एरिथ्रोपोएटिन इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रिजच्या मधल्या खणात, फ्रीजरजवळ नाही, गोठलं तर टाकून द्या. न्यायला थंड डबा वापरा आणि हलवू नका.

मधुमेह असेल तर इन्शुलिनकडे नीट लक्ष द्या. किडनी थकली की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, जुना डोस जड होतो. साखर उतरली तर तीन चमचे साखर पाव कप पाण्यात. मोसंबीचा रस किंवा शहाळं देऊ नका, त्यात साखरेबरोबर पोटॅशियमही जातं.

अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने नको. उरलीसुरली लघवी जाते आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ॲसिडिटीची पातळ औषधं आणि जुलाबाची औषधंही विचारून, कित्येकांत मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असतं. बद्धकोष्ठ मात्र अंगावर काढू नका, पोट साफ नसेल तर पोटॅशियम वाढतं. 'किडनी पुन्हा चालू करतो' म्हणणारा काढा घरात आला असेल तर रागावू नका, बाटली युनिटमध्ये आणून दाखवा.

टप्पा ७: डायलिसिसचा दिवस

जाण्याआधी: बीपीच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते कागदावर बघा. सगळ्या घेऊन आलेल्याचं बीपी मशीनवर उतरतं, एकही न घेता आलेल्याचं कधीकधी २००ला जातं. फिस्टुल्याचा हात साबणाने धुवा. मधल्या दिवसांत पडझड, काळी शौच, हिरड्यांतून रक्त असं काही झालं असेल तर सुई टोचण्याआधी सांगा, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनचा विचार होईल.

मशीनवर असताना भरपेट डबा नको. रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी पडतं.

उतरल्यावर: सुयांच्या जागा दहा-पंधरा मिनिटं दाबा, मध्येमध्ये उघडून बघू नका. पाच मिनिटं पाय सोडून बसा, मग उभे राहा. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका, घेरी तेव्हाच येते. घरी येऊन थरथर तपासा. पट्टी घट्ट बांधून रात्रभर ठेवू नका, युनिटने सांगितलेल्या तासांनी काढा.

मानेत किंवा छातीत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी असेल तर अंघोळ छातीखालीच, वरचा भाग ओल्या फडक्याने पुसा. ड्रेसिंग भिजलं तर त्याच दिवशी बदलून घ्या. क्लॅम्प बंद आणि टोपणं घट्ट आहेत ना ते रोज बघा. त्याच्याजवळ कात्री नेऊ नका, आणि डायलिसिसशिवाय कोणत्याही कामासाठी तो कोणाला वापरू देऊ नका. हुडहुडी भरून ताप आला तर तापाची गोळी देऊन वाट बघू नका, आधी फोन. डायलिसिस सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरणं ही तर कॅथेटरच्या संसर्गाची ठळक खूण.

टप्पा ८: लगेच निघायचं ते कधी

आडवं झोपता येत नाही इतका दम, छातीत दुखणं, पायांतलं बळ अचानक जाणं, नाडी फार मंद किंवा अनियमित होणं, शुद्धीत गोंधळ. पहिल्या लक्षणात पाणी फुप्फुसात चढलेलं असतं. रुग्णाला ताठ बसवा, पाय खाली सोडा, पाणी देऊ नका. पायांतलं बळ जाणं आणि नाडी बिघडणं ही पोटॅशियम वाढल्याची लक्षणं असू शकतात. लग्नकार्यासाठी एक डायलिसिस चुकवल्यावर, किंवा आठवड्यातल्या लांब सुट्टीच्या शेवटी, ती हमखास दिसतात. अशा वेळी डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयातच जा. वाटेतल्या छोट्या दवाखान्यात ईसीजी होत असेल तर तो काढून घ्या, पण 'अशक्तपणा आहे, सलाईन लावू' म्हणाले तर रुग्ण डायलिसिसवर आहे आणि लघवी किती होते ते सांगा, आणि युनिटशी बोलल्याशिवाय ती लावू देऊ नका.

१०८ला किंवा रुग्णालयात फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा: डायलिसिसचा रुग्ण आहे, शेवटचं डायलिसिस अमुक दिवशी झालं. मग आजचं वजन आणि ड्राय वेट, शेवटचं पोटॅशियम, फिस्टुला कोणत्या हाताला. निघताना वही आणि फ्रिजवरचा कागद दोन्ही बरोबर घ्या, आणि फिस्टुल्याच्या हातावर पेनाने ठळक लिहा: 'या हाताला सुई नको.'